क्षेत्रीय वाहनात शीतपेटीची दृढ मांडणी : कळमेश्वर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

प्रयोगशाळेबाहेर जाऊन नमुने गोळा करणाऱ्या विद्याशाखांना आज एका लहानशा यंत्राची सोबत जवळजवळ अपरिहार्य झाली आहे. मोटारीच्या १२ व्होल्ट विजेवर चालणारा, पेटीच्या आकाराचा आणि दोघांनी उचलून नेता येण्याजोगा फ्रिज हे ते यंत्र होय. प्रस्तुत लेखात त्यास ‘शीतपेटी’ असे म्हटले आहे. ही शीतपेटी गाडीत कोठे ठेवावी आणि ती जागेवरून हलू नये म्हणून काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता सुताराचा किंवा मेकॅनिकचा वाटतो, आणि विद्यापीठीय पत्रिकेत त्याची चर्चा कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु या प्रश्नाशी दोन गोष्टी निगडित आहेत. पहिली म्हणजे गाडीत बसलेल्या विद्यार्थ्यांचे व चालकाचे प्राण, आणि दुसरी म्हणजे दिवसभर खपून जमवलेल्या नमुन्यांची विश्वसनीयता. हाताला घट्ट वाटणारी मांडणी सुरक्षित असतेच असे नाही, किंबहुना बहुधा ती नसते, हे पदवी परीक्षेइतक्या यांत्रिकीच्या आधारे दाखवून देणे आणि त्यावरून मांडणीची काही तत्त्वे काढणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. परिसर आणि गरज

कळमेश्वर हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण नागपूरच्या पश्चिमेस, नागपूर–इटारसी लोहमार्गावर वसलेले आहे. तालुक्यात संत्र्याच्या बागा व कपाशी आहे, तसेच पोलादाच्या पत्र्याचा कारखाना असलेले औद्योगिक क्षेत्रही आहे. त्यामुळे विहिरींचे पाणी, बागांची माती, रोगट पाने, जनावरांचे रक्त अशा नाना प्रकारच्या नमुन्यांसाठी हा परिसर अभ्यासकांना सोयीचा पडतो. मोहपा, धापेवाडा, गोंडखैरी या गावांपर्यंत डांबरी रस्ते आहेत. पण नमुना मिळतो तो रस्त्यावर नव्हे, शेतात. तेथे जावयाचे तर पांदणीने जावे लागते. काळ्या कापसाच्या जमिनीतील पांदण पावसाळ्यात चिखलाने चाके गिळते आणि पाऊस सरला की त्याच चाकोऱ्या कडक होऊन गाडीला हादरे देतात. चारही चाकांना गती देणारी, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह प्रकारची गाडी येथे चैन म्हणून नव्हे, तर गरज म्हणून वापरली जाते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीप जुळवण्यास आरंभ केला. तेव्हापासून ग्रामीण भागात हिंडणाऱ्या सरकारी व शैक्षणिक खात्यांशी या जातीच्या गाड्यांचे नाते जडले आहे.

नमुन्यांच्या बाजूने पाहिले तर मर्यादा फार अरुंद आहेत. जंतुपरीक्षेसाठी घेतलेले पाणी ५ अधिक-उणे ३ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे, असा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे. बहुतेक लसी २ ते ८ अंशांच्या दरम्यान राखाव्या लागतात. मे महिन्यात नागपूर परिसराचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते, तेव्हा ही मर्यादा पाळण्यासाठी बर्फाचा डबा दीर्घकाळ पुरत नाही.

येथे कोणी विचारील की, हलकी शीतपेटी घेतली म्हणजे ती बांधण्याची चिंताच उरणार नाही. गोदरेज कंपनीने काही वर्षांपूर्वी बाजारात आणलेली ‘छोटूकूल’ ही पेटी आठ किलोग्रॅमांहून हलकी होती. तीत संपीडक, म्हणजे कॉम्प्रेसर, नव्हता. पेल्तिए याने १८३४ मध्ये दाखवून दिलेल्या तापविद्युत् परिणामावर ती चालत असे. परंतु अशा पेट्या सभोवतालच्या हवेपेक्षा सुमारे वीस-एक अंशांनीच खाली जाऊ शकतात. बाहेर ४५ अंश असताना आत २५ अंश मिळाले, तर भाजीपाल्याचे भागेल. पाण्यातील जंतूंची मोजणी मात्र निरर्थक ठरेल. तेव्हा संपीडक असलेली पेटी घ्यावी लागते आणि तिच्याबरोबर तिचे वजनही स्वीकारावे लागते. पुढील विवेचनात भरलेल्या शीतपेटीचे वस्तुमान ४० किलोग्रॅम धरले आहे.

२. हाताची परीक्षा आणि अपघाताचे गणित

शीतपेटी बांधून झाल्यावर बहुतेक जण एकच परीक्षा करतात. तिला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवतात, ती हलली नाही म्हणजे काम झाले असे समजतात. या परीक्षेत माणूस किती बल लावतो? ३०० ते ४०० न्यूटन लावले तरी पुष्कळ झाले. आता हेच बल अपघातात किती असेल ते पाहू.

गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात आहे, म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. ती एखाद्या झाडावर वा उभ्या ट्रकवर आदळते आणि तिचा पुढचा भाग चेपत जाऊन ती ०.७ मीटर अंतरात थांबते असे समजा. वेगाच्या वर्गास थांबण्याच्या अंतराच्या दुपटीने भागले असता सरासरी मंदन मिळते. १९३ भागिले १.४, म्हणजे सेकंदवर्गास सुमारे १३८ मीटर. हे गुरुत्वत्वरणाच्या चौदापट झाले. चाळीस किलोग्रॅमांच्या पेटीला गाडीबरोबर थांबवावयाचे तर तिच्यावर सरासरी ५५०० न्यूटन बल लावले पाहिजे. मंदन प्रत्यक्षात एकसारखे नसते. त्याचे शिखर सरासरीहून बरेच वर जाते. म्हणून हिशोबासाठी गुरुत्वत्वरणाच्या वीसपट मूल्य धरणे योग्य होय, आणि तसे धरल्यास बल ८००० न्यूटनांच्या जवळ येते. हाताने केलेली परीक्षा या बलाच्या विसाव्या हिश्श्याचीच साक्ष देते.

ऊर्जेच्या भाषेत सांगावयाचे तर, त्या क्षणी पेटीजवळ सुमारे ३८६० जूल गतिज ऊर्जा असते. हीच पेटी ९.८ मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून खाली टाकली असता जमिनीवर पोहोचताना तिच्यापाशी एवढीच ऊर्जा असेल. त्या जागी खाली माणूस उभा आहे अशी कल्पना केली म्हणजे पुढच्या आसनावर बसलेल्या सहकाऱ्याची स्थिती ध्यानात येईल. वेग ताशी ७० किलोमीटर झाला तर ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नागपूर–काटोल मार्गावर हा वेग मुळीच असामान्य नाही.

तुलनेसाठी काही प्रस्थापित मानके लक्षात घेण्याजोगी आहेत. मालवाहू ट्रकवरील भार बांधताना पुढील दिशेस वजनाच्या ०.८ पट व बाजूंस आणि मागे ०.५ पट बल गृहीत धरतात. हा हिशोब जोराच्या ब्रेकचा व वळणाचा आहे, अपघाताचा नव्हे. रुग्णवाहिकेतील उपकरणांसाठीचे युरोपीय मानक मात्र दहापट त्वरण धरते, कारण तेथे उपकरण आणि माणूस एकाच खोलीत असतात. आपली क्षेत्रीय गाडी या दुसऱ्या वर्गात मोडते. ट्रकवर भार आणि चालक यांच्यामध्ये केबिनची भिंत असते. आपल्या गाडीत ती नसते.

३. घर्षणावर किती विसंबावे

पेटी जड आहे, ती आपल्या वजनानेच जागेवर राहील, असा एक समज आढळतो. पेटीचे वजन सुमारे ३९० न्यूटन आहे. प्लास्टिकचे पाय आणि गाडीचा रंगवलेला पत्रा यांच्यामधील घर्षणगुणांक ०.३ धरला तर घर्षण ११८ न्यूटनांपलीकडे जाणार नाही. कचकन ब्रेक लावताच ३१० न्यूटनांहून अधिक बल हवे. म्हणजे अपघात दूरच राहो, रस्त्यात गाय आडवी आली तरी पेटी सरकणार.

पांदणीवर परिस्थिती याहून बिकट असते. चाक खड्ड्यात उतरले की गाडीची तळपट्टी क्षणभर खाली निसटते. तिचे खालच्या दिशेचे त्वरण गुरुत्वत्वरणाइतके झाले तर पेटीचा तिच्यावरील दाब शून्य होतो, आणि दाबच नसेल तर घर्षणही नसते. ज्या क्षणी गाडी हिंदकळत असते नेमक्या त्याच क्षणी घर्षण नाहीसे होते. म्हणून मांडणीच्या हिशोबात घर्षण शून्य धरावे. ते मिळाले तर वरकड लाभ समजावा.

सरकण्याबरोबर कलंडण्याचाही विचार करावा लागतो. पेटीचा गुरुत्वमध्य तळापासून २५ सेंटिमीटर उंच आणि तिची आखूड बाजू ३५ सेंटिमीटर असेल, तर आखूड बाजू गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवली असता वजनाच्या ०.७ पट बलालाच ती पुढे कलंडू लागते. लांब बाजू, समजा ६० सेंटिमीटर, गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवली तर हीच मर्यादा १.२ पट होते. पेटी कशी फिरवून ठेवावी हे साधारणतः झाकण कोणत्या अंगाने उघडते यावरून ठरवले जाते. झाकणाची सोय पाहावी, पण कलंडण्याची मर्यादा पाहिल्यानंतर.

४. बलाचा मार्ग

पेटीला थांबवणारे बल गाडीच्या सांगाड्यातून येते. सांगाडा, त्यावरील तळपट्टी, तळपट्टीतील बोल्ट, बोल्टावरील कडी, कडीतील पट्टा, पट्ट्याखालील पेटीचा भाग अशी ही साखळी आहे. प्रत्येक कडीतून तेच बल जावे लागते, आणि सर्वांत दुर्बळ कडी तुटली की उरलेल्यांच्या बळकटीस काही अर्थ उरत नाही. हा विचार अगदी साधा आहे. तरीही व्यवहारात माणसे साखळीतील डोळ्यांना दिसणारी कडी, म्हणजे पट्टा, तेवढा जाड आणतात आणि तो पातळ पत्र्यात मारलेल्या स्क्रूला अडकवतात.

दुर्बळ कड्या सहसा दोन टोकांना असतात. एक टोक पेटीचे. तिची मूठ ही दोन माणसांनी ती उचलण्यासाठी केलेली असते, म्हणजे चारशे न्यूटनांसाठी. तिच्यावर आठ हजारांचा भार टाकता येत नाही. पेटीच्या अंगात स्क्रू मारणे तर सर्वथा वर्ज्य मानावे. भिंतीतील फेसाच्या थरात शीतकाच्या नळ्या असतात आणि आजच्या अनेक पेट्यांत आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू शीतक म्हणून वापरलेला असतो. पेटी धरावयाची ती तिच्या तळाशी निर्मात्याने दिलेल्या छिद्रांतून, किंवा तिच्याभोवती पोलादी कोनपट्टीची चौकट करून. चौकट पेटीच्या उंचीच्या निदान अर्ध्यापर्यंत यावी, म्हणजे ती गुरुत्वमध्याच्या वर पोहोचेल आणि कलंडण्यास अटकाव करील.

दुसरे टोक गाडीचे. गाडीच्या तळाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. त्यातून बोल्ट काढून खाली नुसता वॉशर लावला, तर भार येताच पत्रा वाटीसारखा वाकतो, छिद्राची कड फाटते आणि वॉशरसह बोल्ट वर निघून येतो. यासाठी पत्र्याखाली निदान ३ मिलिमीटर जाडीची व साधारण ७५ ते १०० मिलिमीटर चौरस पोलादी पट्टी बसवावी, म्हणजे भार विस्तृत क्षेत्रावर पसरेल. पट्टीचे कोपरे गोल करावेत. टोकदार कोपरा स्वतःच पत्रा कापतो. भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली जाऊन इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या व तारा कोठून गेल्या आहेत हे पाहून घ्यावे, आणि भोकाच्या उघड्या कडेला गंजरोधक रंग लावावा.

याहून चांगला मार्ग म्हणजे निर्मात्यानेच दिलेल्या दृढ बिंदूंचा उपयोग करणे. आसनपट्ट्याच्या आधारबिंदूंची युरोपीय नियमांनुसार होणारी चाचणी १३५० डेकान्यूटनांच्या, म्हणजे साडेतेरा हजार न्यूटनांच्या ओढीने होते. तिसऱ्या रांगेतील आसने काढलेली असतील तर त्यांचे बोल्टबिंदू अशा कामास फार उपयोगी पडतात. मात्र ज्या बिंदूवर माणसाचा आसनपट्टा आहे, त्याच बिंदूवर पेटीचा भार टाकू नये. अपघातात दोन्ही भार एकाच वेळी येतील. आसने काढणे हा नोंदणीपत्रातील आसनसंख्येशी संबंधित बदल असल्यामुळे मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ चा विचारही आधी केला पाहिजे.

मागील आसनाची पाठ ही पेटीला अडसर म्हणून पुरेल काय, असाही प्रश्न येतो. युरोपीय नियम क्रमांक १७ मध्ये आसनाच्या पाठीची सामानविषयक चाचणी प्रत्येकी १८ किलोग्रॅमांच्या दोन ठोकळ्यांनी करतात, म्हणजे एकूण ३६ किलोग्रॅमांनी. आपली एकटी पेटीच त्याहून जड आहे. पाठीचा आधार पूरक म्हणून घ्यावा, पेटी तिच्या शक्य तितकी निकट ठेवावी, परंतु सगळा भार तिच्यावर सोपवू नये.

५. पट्टे आणि त्यांचे कोन

पेटीवरून आडवा पट्टा टाकून तो रॅचेटने आवळणे ही सर्वांत रूढ रीत. या रीतीत पट्टा पेटीला प्रत्यक्ष अडवत नाही. तो फक्त तिला खाली दाबतो आणि वाढलेले घर्षण तिला अडवते. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंस प्रत्येकी १००० न्यूटन ताण दिला तर दाब २००० न्यूटनांनी वाढेल व घर्षण ६०० न्यूटनांनी. ब्रेकच्या धक्क्याला हे पुरते. अपघाताच्या आठ हजारांपुढे ते नगण्य आहे. शिवाय एवढ्या ताणाने झाकणाची रबरी कड चेपते, फटीतून ऊन हवा आत जाते, आणि जी गोष्ट थंड राखण्यासाठी हा सारा खटाटोप, तीच तापते.

म्हणून पट्टे चौकटीच्या चार कोपऱ्यांपासून तळपट्टीतील चार बिंदूंकडे तिरपे ओढावेत. त्यांतील मागे जाणारे दोन पट्टे पेटीला पुढे जाऊ देत नाहीत, पुढे जाणारे दोन मागे येऊ देत नाहीत. येथे कोनाचे महत्त्व फार मोठे आहे. पट्टा तळाशी ३५ अंशांचा कोन करीत असेल आणि वरून पाहिले असता गाडीच्या लांबीशी ३० अंशांचा, तर त्याच्या ताणाचा ०.७१ हिस्सा पुढच्या दिशेच्या बलास विरोध करतो. दोन पट्टे मिळून आठ हजार न्यूटन पेलावयाचे तर प्रत्येकात सुमारे ५६०० न्यूटन ताण येईल. हेच पट्टे जागेच्या अडचणीमुळे तळाशी ७० अंशांनी, म्हणजे जवळजवळ उभे बांधले, तर उपयोगी हिस्सा ०.३० उरतो आणि प्रत्येक पट्ट्यातील ताण १३,००० न्यूटनांच्या वर जातो. तोच पट्टा, तीच पेटी, तोच अपघात, परंतु केवळ कोन बदलल्याने ताण दुपटीहून अधिक झाला. पट्टा विकत घेताना त्यावर शिवलेल्या चिठ्ठीवरील कार्यभार वाचावा. ती चिठ्ठी नसलेला किंवा सामान बांधण्याचा लवचीक रबरी पट्टा या कामास घेऊ नये. रबर ताणले जाते, पेटीला वेग घेऊ देते आणि नंतर एकदम झटका देते.

६. तळफळी व बोल्ट

पुष्कळ जण गाडीच्या मागील भागात प्लायवूडची तळफळी बसवून तिच्यावर पेटी बोल्टाने पक्की करतात. ही रीत नीटनेटकी आहे, फक्त तिच्यात एक जादा कडी येते हे विसरू नये. फळी भारतीय मानक ७१० प्रमाणे बनलेल्या, पाण्यास टिकणाऱ्या प्लायवूडची व १८ मिलिमीटर जाडीची घ्यावी. पेटी ते फळी आणि फळी ते गाडी असे दोन्ही जोड आरपार बोल्टांचे असावेत. लाकडी स्क्रू प्लायवूडच्या थरांत काही महिने धरून राहतात; पुढे हादऱ्यांनी त्यांची वाट रुंदावते.

बोल्ट स्वतः क्वचितच अपुरा पडतो, हे पुढील हिशोबावरून दिसेल. ८.८ प्रतीचा एम-८ बोल्ट सुमारे २१,००० न्यूटन ताण कायमचा न ताणला जाता सहन करतो. चार बोल्टांवर बसवलेल्या आपल्या पेटीवर आठ हजार न्यूटन बल गुरुत्वमध्यात लागले, तर कलंडण्याच्या प्रवृत्तीमुळे मागच्या दोन बोल्टांपैकी प्रत्येकावर साधारण १९०० न्यूटन उभा ताण येतो, आणि प्रत्येक बोल्टावर आडवे बल २००० न्यूटनांचे. म्हणजे बोल्टाची क्षमता कितीतरी पट अधिक आहे. खर्च आणि लक्ष द्यावयाचे ते बोल्ट जाड करण्याकडे नव्हे, तर त्याच्या खालच्या पट्टीकडे व फळीच्या छिद्राकडे. छिद्रात पोलादी नळीचा तुकडा बसवला तर नट आवळताना लाकूड चेपत नाही आणि आवळ टिकून राहते.

सरकत्या चौकटीवर, म्हणजे खणाप्रमाणे बाहेर ओढता येणाऱ्या रुळांवर पेटी बसवण्याची पद्धतही आहे. तिची सोय निर्विवाद आहे. परंतु तेथे साऱ्या साखळीतील दुर्बळ कडी म्हणजे खणाची खिट्टी. ती एकाच बाजूस असेल तर दुसऱ्या बाजूस दुसरी बसवावी, आणि गाडी चालू असताना पेटीला तिरपे पट्टेही लावावेत.

७. कंप आणि सैलपणा

मोटारीचे शरीर आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला एक ते दोन वेळा डोलते, तर चाके व आस सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरतात. पेटीखाली रबर घालून तिला हादऱ्यांपासून वाचवण्याचा प्रयत्न पुष्कळदा उलट फळतो. पेटी आणि रबर यांची स्वाभाविक वारंवारता या दुसऱ्या पट्ट्यात आली तर अनुस्पंदनामुळे हादरे कमी होण्याऐवजी वाढतात. पातळ, कठीण रबराची एक चटई, घासणे थांबवण्यापुरती, पुरे. संपीडक आपल्या कवचात स्प्रिंगांवर टांगलेला असतो. त्याला साधारण हादरे सोसतात. मात्र सैल पट्ट्यामुळे पेटी उडून आपटू लागली की प्रत्येक आपट हा एक लहान अपघातच असतो.

नट सैल का होतात याचा उलगडा गेर्हार्ट युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये केला. बोल्टाच्या अक्षाच्या दिशेने होणाऱ्या हादऱ्यांपेक्षा जोडलेल्या पृष्ठांच्या आडव्या सरकण्याने नट फिरतो, असे त्याने प्रयोगांनी दाखवले. त्याचा व्यवहारातील अर्थ असा की, जोड मुळातच घसरू नये इतका आवळलेला असावा आणि त्यावर नायलॉनची कडी असलेला नट वापरावा. स्प्रिंग वॉशरवर फारसे विसंबू नये. नव्या मांडणीनंतर पहिल्या शंभर किलोमीटरांनी सगळे नट पुन्हा तपासावेत, कारण रंग, लाकूड व रबर हे थर तेवढ्यात बसतात आणि आवळ उतरते.

८. उष्णता व हवा

दृढ मांडणीच्या नादात पेटी कोपऱ्यात कोंबून तिच्या भोवती सामान रचले जाते. येथे यांत्रिकीकडून आपण उष्मागतिकीकडे येतो. आतील तापमान ४ अंश, म्हणजे २७७ केल्विन असावे आणि उष्णता बाहेर टाकणारी नळी सभोवतालापेक्षा १० अंशांनी उष्ण असते, असे मानू. बाहेर ३० अंश असताना कार्नोच्या आदर्श यंत्राचा कार्यगुणांक ७.७ येतो, ४५ अंशांना ५.४, आणि उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीतील ६५ अंशांना ३.९. त्याच वेळी भिंतीतून आत शिरणारी उष्णता तापमानातील फरकाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही परिणाम एकत्र धरले तर ३० अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना सव्वादोनपट आणि ६५ अंशांना सुमारे साडेचारपट विद्युत्शक्ती लागते. हा आदर्श यंत्राचा हिशोब आहे. खऱ्या यंत्राची शक्ती निश्चित असल्यामुळे ते एका मर्यादेनंतर हात टेकते आणि आतील तापमान वर चढू लागते.

तात्पर्य, जाळी असलेल्या बाजूस निर्माता सांगेल तेवढी, आणि निदान दहा सेंटिमीटर, मोकळी जागा राखावी. ही जागा रिकामी राहील अशी आशा करण्यापेक्षा चौकटीलाच एक आडवी पट्टी जोडावी, म्हणजे घाईत कोणी पिशवी तेथे खुपसणार नाही. पांदणीची धूळ जाळीवर बसते. ती दर आठवड्यास ब्रशने काढावी. तीव्र चढ-उतारावर निर्मात्याने सांगितलेली कलाची मर्यादाही पाळली पाहिजे.

९. वीजजोडणी

शीतपेटी साधारण पाच अँपिअर प्रवाह घेते असे धरू. बॅटरीपासून मागील भागापर्यंत पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांब्याची तार लागते. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेत ०.८६ व्होल्ट गळतात, २.५ छेदाच्या तारेत ०.३४, आणि ६ छेदाच्या तारेत ०.१४. बॅटरी संपू नये म्हणून शीतपेटीत कमी दाबाला बंद पडण्याची योजना असते. बारीक तारेमुळे ती योजना बॅटरी भरलेली असतानाच कार्यान्वित होते आणि गाडी थांबली की पेटी मुकाट्याने बंद पडते. तार जाड घ्यावी, बॅटरीच्या अगदी निकट फ्यूज घालावा, आणि पत्र्यातून तार जाते तेथे रबरी कडी बसवावी. पेटीजवळ तारेला थोडा ढिला वळसा ठेवावा. पेटीचा भार कोणत्याही प्रसंगी तारेवर येता कामा नये, कारण तुटलेली धनाग्राची तार आणि पत्रा यांचा स्पर्श म्हणजे आग होय.

१०. उपसंहार

वरील विवेचनाचा मथितार्थ असा की, मांडणीचा निकष हाताचा अनुभव नसून आठ हजार न्यूटनांचे बल आहे, आणि त्या बलाचा मार्ग पेटीपासून सांगाड्यापर्यंत कोठेही पातळ पत्रा, मूठ वा लाकडी स्क्रू यांच्यातून जाता कामा नये. ज्या विभागांपाशी गाडी आहे त्यांनी पेटीच्या मांडणीची एक आकृती, पट्ट्यांचे कार्यभार आणि शेवटच्या तपासणीचा दिनांक गाडीच्या नोंदवहीत ठेवावा. दौऱ्यावर निघण्यापूर्वी पट्टे, नट, जाळी व फ्यूज या चार गोष्टी पाहण्याचे काम गटातील एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावे. सर्वांचे काम ते कोणाचेच नसते. जुन्या धर्तीच्या गाड्यांत मागे समोरासमोर बाके असतात. तेथे पेटी मध्ये ठेवून दोन्ही बाजूंस विद्यार्थी बसवण्याची पद्धत सोडून द्यावी. जागा अपुरी असेल तर विद्यार्थ्यांनी दोन खेपांत जावे किंवा दुसरी गाडी मागवावी. यासाठी होणारा खर्च दौऱ्याच्या अंदाजपत्रकात आधीच धरावा, म्हणजे ऐन निघण्याच्या सकाळी जागेसाठी तडजोड करण्याची पाळी येणार नाही.